हद्दीचा वाद आणि वहिवाटीची नोंद : दादरा-नगर हवेलीच्या खटल्यावरून काही मुद्दे

१२ एप्रिल १९६० रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एक निकाल दिला. वादी पोर्तुगाल, प्रतिवादी भारत. तेव्हाच्या मुंबई राज्याने चहूबाजूंनी वेढलेल्या दादरा आणि नगर हवेली या दोन मुलखांत दमणहून जाण्या-येण्याचा पोर्तुगीजांना हक्क आहे का, असा वाद होता. निकालानंतर एकोणीस दिवसांनी महाराष्ट्र राज्य जन्माला आले. त्या आनंदात आणि धामधुमीत हा निकाल मराठी माणसाच्या नजरेआड झाला असेल, तर त्यात नवल नाही. पण नंतरच्या साठ-पासष्ट वर्षांतही आपण तो नीट वाचला नाही. नगर हवेलीतल्या सिल्व्हासावर १९५४ मध्ये झालेल्या मोहिमेवरची पुस्तके आपल्याकडे आहेत, व्याख्याने होतात, सैनिकांचे सत्कार होतात. ते सगळे योग्यच आहे. मात्र ती मोहीम जगाच्या न्यायासनापुढे कशी टिकली, त्यासाठी पेशव्यांच्या कोणत्या कागदांचा कीस पडला आणि आपली बाजू कुठे लंगडी ठरली, हे आपण क्वचितच बोलतो.

माझे म्हणणे असे की, मुलखावरचा हक्क कागदावरून जितका ठरतो, तितकाच रोजच्या वागणुकीवरून ठरतो. आणि वागणुकीची नोंद ठेवण्यात मराठी सत्ता पूर्वीही कमी पडली, आजही कमी पडते आहे. बेळगाव-कारवारचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पडून असताना तरी हा जुना खटला पुन्हा उघडून पाहायला हवा.

मुद्दा १. मूळ कागद पुण्याचा आहे.

१७७९ साल. वर्षाच्या सुरुवातीलाच वडगावला इंग्रजांची फौज मराठ्यांनी कोंडून तहाला भाग पाडली होती, पण युद्ध संपले नव्हते. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला होते. अशा वेळी गोव्याच्या पोर्तुगीजांनी शत्रूला मदत करू नये, ही नाना फडणवीसांची गरज होती. दुसरीकडे मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचे एक जहाज पूर्वी पकडले होते आणि त्याच्या भरपाईची मागणी गोव्याकडून सुरू होती. पोर्तुगीजांच्या वतीने पुण्यात बोलणी करणारे वकील नारायण शेणवी धुमे हे गोव्याचे सारस्वत होते. म्हणजे या तहाच्या दोन्ही बाजूंना आपलीच भाषा बोलणारे मुत्सद्दी बसले होते.

त्या तहाच्या सतराव्या कलमात पेशव्यांनी दमणजवळचा बारा हजार रुपये वार्षिक वसुलाचा मुलूख लावून देण्याचे कबूल केले. पुढे १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा निघाल्या आणि नगर हवेली परगण्यातली गावे, मग दादरा, पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. दमण आणि हे मुलूख यांच्यामध्ये मराठ्यांचा प्रदेश तसाच राहिला. त्या मधल्या पट्ट्यावरून पुढे पावणेदोनशे वर्षांनी खटला उभा राहणार होता.

मुद्दा २. आपण दिला होता वसूल, राज्य नव्हे. हेगने ते मान्य केले, आणि तरीही मुलूख पोर्तुगीजांचा धरला.

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडा रेंगाळतो.

पोर्तुगालचा दावा होता की १७७९ च्या तहाने आणि नंतरच्या सनदांनी या मुलखांचे सार्वभौमत्व आपल्याला मिळाले. भारताचे म्हणणे दुहेरी होते. एक तर तह नीट पुरा झालाच नाही, दोन्ही बाजूंच्या मसुद्यांत फरक आहे. आणि तह धरला, तरी पेशव्यांनी फक्त सरंजाम लावून दिला, म्हणजे वसूल खाण्याचा हक्क. तहच झाला नाही हे म्हणणे न्यायालयाने फेटाळले. मराठ्यांनी स्वतः तो तह बंधनकारक मानला आणि त्याप्रमाणे सनदा दिल्या. अठराव्या शतकातल्या व्यवहाराला नंतरच्या काळाचे नियम लावून तो रद्द ठरवता येणार नाही, असे न्यायाधीशांनी म्हटले. दुसऱ्या म्हणण्यावर मात्र ते भारताच्या बाजूने आले. मराठ्यांनी इतर तहांत जिथे मुलूख कायमचा तोडून दिला, तिथे तशी स्पष्ट शब्दयोजना केली आहे. इथे ती नाही. गावांत बंड झाले तर मोडण्याचा अधिकार सनदांत पोर्तुगीजांना मुद्दाम द्यावा लागला; राज्यच दिले असते, तर असा वेगळा अधिकार देण्याची गरज काय होती? म्हणून हा वार्षिक बारा हजारांचा सरंजाम, यापलीकडे काही नाही.

इथे आपण जिंकलो असे वाटते. पण निकाल पुढे सरकतो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रज त्या प्रदेशाचे धनी झाले. तेव्हा त्यांना नगर हवेलीत पोर्तुगीज पुऱ्या अंमलानिशी बसलेले दिसले. सरंजाम देणारी सत्ता संपली, तर सरंजाम परत घ्यायचा हक्क नव्या सत्तेकडे यायला हवा होता. इंग्रजांनी तो मागितला नाही. उलट पोर्तुगीजांशी ते शेजारच्या सार्वभौम सत्तेसारखे वागत राहिले, आणि १९४७ नंतर स्वतंत्र भारतानेही काही काळ तसेच केले. न्यायालयाने या गप्प बसण्याचा अर्थ मान्यता असा लावला. कागदावर जे पेशव्यांनी दिले नव्हते, ते पुढच्या सव्वाशे वर्षांच्या वागणुकीने पोर्तुगीजांना मिळाले.

मी जयपूरच्या खातीपुऱ्यात राहतो. इथून सांभरचे खारे सरोवर फार लांब नाही, आणि त्याची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. १८६९-७० मध्ये इंग्रजांनी जयपूर आणि जोधपूर या दोन दरबारांशी वेगवेगळे तह करून सांभरचे मीठ काढण्याचा आणि विकण्याचा हक्क भाडेपट्ट्याने घेतला. इंग्रजांची ताकद अफाट होती आणि हे दरबार त्यांचे मांडलिक होते. तरी हक्क भाड्याने घेतला आहे, हे दरवर्षी भाडे देताना इंग्रजांना पुन्हा पुन्हा मान्य करावे लागत होते. स्वातंत्र्यानंतर १९६४ मध्ये मीठ काढण्यासाठी सांभर सॉल्ट्स ही कंपनी निघाली, तीत साठ टक्के वाटा केंद्राच्या हिंदुस्तान सॉल्ट्सचा आणि चाळीस टक्के राजस्थान सरकारचा ठेवला गेला. दरबाराचा जुना हक्क असा नव्या राज्याच्या हिश्श्यात उतरला. नगर हवेलीचा वसूल मात्र पोर्तुगीजांकडेच राहायचा होता. देणाऱ्याकडे परत काही येत नव्हते. मालक कोण, याची आठवण करून देणारा एकही वार्षिक व्यवहार मागे उरला नाही.

बाहेरच्या जगातले उदाहरण हवे असेल तर प्रेह विहियरचे देऊळ घ्या. कंबोडिया आणि थायलंड यांच्या सीमेवरचे हे पुरातन शिवमंदिर कुणाचे, याचा निकाल याच न्यायालयाने १९६२ मध्ये कंबोडियाच्या बाजूने दिला. देऊळ कंबोडियात दाखवणारा फ्रेंचांनी काढलेला नकाशा थायलंडकडे अनेक वर्षे पडून होता आणि त्यावर कुणी हरकत घेतली नव्हती. त्या मौनाने थायलंडचा घात केला.

मुद्दा ३. वाट कशासाठी मिळते आणि कशासाठी नाही, याचा भेद करता आला म्हणून भारत वाचला.

गावाकडे शेताच्या बांधावरून जाणाऱ्या वाटेची भांडणे सर्वांनी पाहिली आहेत. मामलेदार न्यायालय कायदा १९०६ चा, पण तहसीलदारापुढे आजही त्याखाली दावे चालतात. तिथे पहिला प्रश्न असतो तो वहिवाट किती वर्षांची आणि कशाची. पायी जात होता की बैलगाडी नेत होता? नांगर नेत होता की ऊस भरलेला ट्रॅक्टर? हेगच्या न्यायाधीशांनी जवळजवळ तेच विचारले, फक्त शेताच्या जागी दोन देश होते.

सव्वाशेहून अधिक वर्षे दमण आणि हवेलीच्या दरम्यान सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांची ये-जा अखंड आणि एकसारखी चालत आली होती. दोनच देशांमधल्या अशा दीर्घ व्यवहारालाही रूढीचे बळ येते, असे न्यायालयाने सांगितले. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासक्रमात हा निकाल आजही शिकवला जातो तो प्रामुख्याने या वाक्यासाठी. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांची गोष्ट मात्र वेगळी होती. इंग्रज अमलात त्यांना प्रत्येक वेळी परवानगी मागावी लागे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहात तशी औपचारिक विनंतीची अट लिहिलेलीही होती. ज्याला दरवेळी विचारावे लागते, तो हक्क नव्हे.

मतांची विभागणी पाहण्यासारखी आहे. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता १९५४ मध्ये पोर्तुगालला मार्गाचा हक्क होता, हे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सशस्त्र दलांसाठी तो नव्हता, हे आठ विरुद्ध सात मतांनी. भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. एक मत इकडचे तिकडे झाले असते, तर मधल्या मुद्द्यावर आपण हरलो असतो. ज्या कुणा इंग्रज कारकुनाने पोर्तुगीज शिपायांच्या प्रत्येक परवानगीची टिपणी फाइलला लावून ठेवली, त्याच्या हातून भारताची मोठी सेवा घडली. त्याला ती ठाऊकही नसणार.

मुद्दा ४. १९५४ चे शौर्य खरे आहे, आणि त्यातली अडचणही खरी आहे.

२१ जुलै १९५४ च्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या स्वयंसेवकांनी फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखाली दादरा घेतले. तिथल्या पोलीस ठाण्यातला अधिकारी अनिसेतो रोझारिओ मारला गेला. जुलै अखेरीस नरोली पडले, आणि २ ऑगस्टला सिल्व्हासा. आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे, राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावे मराठी घरांत ठाऊक आहेत. गायक-संगीतकार आणि इतिहासाचा अभ्यासक हातात शस्त्र घेऊन परक्या अमलावर चालून जातात, हे आपल्या सार्वजनिक जीवनाला अभिमान वाटावा असेच होते. पोर्तुगीजांचा कप्तान फिदाल्गो ११ ऑगस्टला शरण आला.

दरम्यान भारत सरकारने पोर्तुगीज अधिकाऱ्यांना आणि कुमकेला मधल्या पट्ट्यातून जाऊ दिले नाही. स्वयंसेवक मात्र त्याच भारतीय भूमीवरून आत शिरले होते. दुसरा रस्ताच नव्हता. पोर्तुगालने हेगमध्ये नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले. त्यावर न्यायालयाने दिलेले उत्तर भारताला तारून गेले : हवेलीतली सत्ता उलथल्यामुळे आजूबाजूच्या भारतीय प्रदेशात तणाव होता, आणि अशा वेळी मार्गाचे नियमन करण्याच्या अधिकारात प्रवेश नाकारणे बसते.

मला वाटते, सरकारने स्वयंसेवकांकडे काणाडोळा केला ते योग्य केले. सिल्व्हासाच्या माणसांना लिस्बनच्या हुकूमशाहीखाली ठेवणे हा कोणत्याही तहाचा हेतू असू शकत नाही. तरीही असा काणाडोळा एक प्रकारचे कर्ज असते आणि ते न्यायासनापुढे फेडावे लागते, हे विसरून त्या मोहिमेचा गौरव करणे अपुरे आहे.

मुद्दा ५. हरत असतानाही भारत न्यायालयातून उठला नाही.

पोर्तुगालची चाल मोठी सफाईची होती. १४ डिसेंबर १९५५ ला तो देश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. १९ तारखेला त्याने हेगच्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केल्याचे पत्र दिले आणि २२ तारखेला भारताविरुद्ध दावा दाखल केला. भारत या अधिकारक्षेत्राला बांधला गेला होता तो २८ फेब्रुवारी १९४० च्या घोषणेमुळे, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या. स्वतंत्र भारत परक्या राज्यकर्त्यांच्या सहीने कोर्टात ओढला गेला.

देशात तेव्हा काय वातावरण होते? त्याच वर्षी मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची पहिली तुकडी घेऊन गोव्यात शिरले होते आणि त्यांना जबर मारहाण झाली होती. १५ ऑगस्टच्या सत्याग्रहात पोर्तुगीज गोळ्यांनी वीसहून अधिक माणसे मारली गेली, आणि भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तोडले. लोक संतापले होते. अशा वेळी हेगला बहिष्कार घालणे सोपे होते, लोकप्रियही झाले असते.

सरकारने ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांना पाठवले. अस्थायी न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांची नेमणूक केली. भारताने सहा प्राथमिक आक्षेप घेतले. त्यांतला एक नेमका त्या तीन दिवसांच्या घाईवर होता : आम्हाला कळण्याआधीच दावा लावला, आमची संधी हिरावली. २६ नोव्हेंबर १९५७ ला न्यायालयाने चार आक्षेप फेटाळले, दोन मुख्य सुनावणीसाठी राखून ठेवले, आणि १९६० मध्ये तेही फेटाळले. म्हणजे अधिकारक्षेत्राच्या प्रश्नावर भारत सहाच्या सहा मुद्दे हरला. तरी त्याने कैफियत दिली, पुरावा मांडला, तोंडी युक्तिवाद केला, आणि मुख्य प्रश्नावर आपली वागणूक निर्दोष ठरवून घेतली.

राजनयाची ही शिस्त मला सिल्व्हासाच्या चढाईइतकीच थोर वाटते. तिच्या गोष्टी मुलांना सांगायला हव्यात. त्या सांगणे अवघड आहे, कारण तिथे घोडा नाही, तलवार नाही. आहेत ती वर्षानुवर्षे कागद वाचणारी माणसे.

मुद्दा ६. हाती आलेला मुलूख सात वर्षे खिशात घातला नाही.

१९५४ ते १९६१ या काळात दादरा-नगर हवेलीचा कारभार वरिष्ठ पंचायतीकडे होता. भारताने तो प्रदेश आपला म्हणून जाहीर केला नाही. निकाल लागला, त्यानंतर १२ जून १९६१ ला पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. भारतीय प्रशासन सेवेतले के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते तिथले पंतप्रधान नेमले गेले, म्हणजे नेहरूंशी करारावर सही करायला त्या बाजूने कुणी अधिकृत माणूस असावा. मग दहावी घटनादुरुस्ती, आणि ११ ऑगस्ट १९६१ पासून तो प्रदेश भारताचा. पोर्तुगालने हे सारे ३१ डिसेंबर १९७४ च्या दिल्ली कराराने मान्य केले, तेही तिथली हुकूमशाही कोसळल्यानंतर.

एका दिवसाचा पंतप्रधान ही गोष्ट आपल्याकडे गंमत म्हणून सांगितली जाते. तिच्यामागचा विचार गंभीर आहे : जबरदस्तीने घेतले, असे पुढे कुणी म्हणू नये यासाठी विलीनीकरणाला दोन पक्ष हवेत, दोन सह्या हव्यात.

मुद्दा ७. खटल्यात ज्यांचे नाव नाही ती माणसे.

हेगमध्ये पेशवे बोलले, पोर्तुगीज बोलले, इंग्रज आणि भारत बोलले. ज्यांच्या जमिनीवर हे सर्व चालले, ते वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी कुठेच बोलले नाहीत. हक्क सरकारांचा, वाट अधिकाऱ्यांची. रानातल्या पायवाटा ज्यांनी पाडल्या त्यांचा साक्षीपुरावा कुणी मागितला नाही.

शेजारच्या तलासरी-उंबरगाव भागात १९४५ पासून वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. गोदावरी परुळेकरांनी तो 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवला. हवेलीतली परिस्थिती याहून वेगळी असायचे कारण नव्हते. हद्द बदलली म्हणून सावकार आणि जमीनदार बदलत नसतात. पोर्तुगीजांनी तिथे जमिनी 'अल्वारा' नावाच्या पट्ट्यांनी मोठ्या धारकांना दिल्या होत्या, लागवड करण्याच्या अटीवर. लागवड झाली नाही म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी १९७४ मध्ये असे पट्टे रद्द केले. ते प्रकरण कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते रद्द करणे कायम ठेवले. परकी सत्ता जाऊन सत्तर वर्षे झाली, पण तिने लिहिलेल्या कागदाचा निवाडा परवा-परवापर्यंत चालू होता. हद्दीच्या वादात सरकारे जिंकतात-हरतात तेव्हा सातबाऱ्यावर कुणाचे नाव राहिले, हे वेगळे विचारावे लागते. २६ जानेवारी २०२० ला हा प्रदेश दमण-दीवला जोडला गेला. उच्च न्यायालय अजून मुंबईचेच आहे, तेव्हा तिथल्या माणसाचा न्याय हा आपल्याही काळजीचा विषय आहे.

मुद्दा ८. आता बेळगाव.

दोन घटकराज्यांमधला वाद हा दोन देशांमधला वाद नसतो, हे आधी स्पष्ट करतो. इथे संसद राज्यांच्या सीमा बदलू शकते, आणि वहिवाटीचा आंतरराष्ट्रीय नियम जसाच्या तसा लागू होत नाही. कन्नड बोलणारा शेजारी म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे सरकारही नव्हे. दोन्हीकडे आपलीच माणसे आहेत. पण पुराव्याचे वजन सगळीकडे एकाच रीतीने पडते.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. सीमावादावर महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. दावा पडून असताना कर्नाटकाने काय केले? बेळगावात विधिमंडळाची अधिवेशने भरवली, २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभे केले, २०१४ मध्ये शहराचे नाव बदलले. ही नुसती डिवचाडिवच नाही. हा अंमल बजावण्याचा जाणीवपूर्वक उभा केलेला पुरावा आहे, आणि हेगच्या न्यायाधीशांनी अशाच पुराव्याला १७७९ च्या कागदापेक्षा जास्त किंमत दिली होती.

आपण काय केले? ठराव केले, बंद पाळले, एकमेकांच्या बसना काळे फासले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांसमोर दोन्ही मुख्यमंत्री बसले आणि न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कुणी दावे करायचे नाहीत, असे ठरले. हे चांगले झाले. पण दावे न करणे आणि नोंदी न ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सीमाभागातल्या मराठी माणसाची वहिवाट त्याच्या व्यवहारात असते. उतारा त्याला मराठीत मिळतो का? एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून अधिक असतील, तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राने १९५६ मध्येच सांगितले आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचे कर्तव्य घटनेच्या ३५० अ कलमात आहे. नाकारलेला प्रत्येक अर्ज, बंद पडलेली प्रत्येक मराठी शाळा, कन्नडमध्येच हाती दिलेली प्रत्येक नोटीस म्हणजे पुराव्याचा एकेक कागद आहे. मराठी संघटना दरवर्षी हे सोसतात आणि सांगतात. पण ते तारीख-वार, गाववार, दाखल्यांसह एका ठिकाणी लावून ठेवणे हे महाराष्ट्र सरकारचे काम आहे, त्यांचे नाही.

मुद्दा ९. मागण्या.

पहिली मागणी पुण्याच्या पेशवे दप्तराबद्दल. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड छापून घेतले. त्यानंतर जवळपास शतक होत आले, आणि मोडी लिपीतल्या कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे गठ्ठे, अजून वाचणाऱ्याची वाट पाहत आहेत. मोडीचे वर्ग भरतात, प्रमाणपत्रे मिळतात, पण मोडी वाचून पोट भरेल अशा कायम जागा किती? विद्यापीठांनी कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही मोडी शिकवावी. ज्या राज्याचे सीमावाद न्यायालयात आहेत, तिथे जुने कागद वाचणारा वकील ही चैनीची गोष्ट नाही. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज अमलाखाली राहून तिथल्या अभिलेखागारातून मराठ्यांचा इतिहास बाहेर काढला. तेवढी निष्ठा स्वतंत्र राज्याच्या अभिलेखागारात दाखवायला कुणाचीच आडकाठी नाही.

दुसरी, हेगच्या १९६० च्या निकालाचे पूर्ण मराठी भाषांतर शासनाने काढावे, भिन्न मतांसह. त्यात आपल्या राज्यव्यवहाराबद्दल परक्या न्यायाधीशांनी केलेला बारीक विचार आहे.

तिसरी मागणी सर्वांत साधी, पण नेमकी तीच टाळली जाईल. सीमाभागासाठी मंत्री नेमले जातात, समित्या होतात. त्या समित्यांनी वर्षातून एकदा लेखी अहवाल द्यावा : कोणत्या गावात, कोणत्या तारखेला, कोणता हक्क नाकारला गेला, आणि त्याबद्दल कर्नाटक सरकारला व भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना कोणत्या क्रमांकाचे पत्र गेले. भाषण नको, प्रस्तावना नको. गाव, तारीख, दाखला आणि पत्र एवढेच. पहिला अहवाल येत्या हिवाळी अधिवेशनात विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा आणि त्याची एक प्रत सर्वोच्च न्यायालयातल्या आपल्या वकिलांकडे त्याच दिवशी पाठवावी.